लाकडाच्या देवळांपासून मातीच्या गोंपांपर्यंत : किन्नौर आणि स्पिती

स्पितीला जायच्या वाटा दोन. एक मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून, दुसरी शिमल्याहून सतलजच्या काठाने किन्नौरमधून. मनालीची वाट जवळची, पण ती दोन हजार मीटरवरून उचलून एका दिवसात साडेचार हजारांवर नेते आणि मग काझाला पोचल्यावर डोकं धरून बसावं लागतं. आमच्या कंपूत सत्तरी ओलांडलेले काका होते, गुडघ्यांच्या तक्रारीवाल्या दोन मावश्या होत्या आणि ‘मला काही होत नाही’ म्हणणारे तर सगळेच होते. त्यामुळे शिमल्याकडून हळूहळू चढायचं आणि मनालीकडे उतरायचं यावर वाद झाला नाही. गणपतींचं विसर्जन झालं आणि बॅगा भरल्या. सप्टेंबरचा मध्य म्हणजे तिकडे पाऊस ओसरलेला आणि बर्फ अजून लांब.

शुक्रवार : चंडीगड ते नारकंडा

चंडीगडला टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन जो ड्रायव्हर आला तो रामपूरचा. पहिल्या चहालाच तो सगळ्यांचा ‘भाईजी’ झाला. शिमला आम्ही बायपासने टाळलं. ज्यांना मॉल रोड बघायचा होता ते थोडे रुसले, पण ढल्लीच्या पुढची वाहनांची रांग बघून त्यांचंही मत बदललं.

रांग होती ती सफरचंदांच्या ट्रकांची. नारकंडा-कोटगढचा हा पट्टा हिमाचलच्या सफरचंदाचं माहेर. सॅम्युअल स्टोक्स नावाचे अमेरिकन गृहस्थ इथे आले, इथलेच झाले, स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगातही गेले आणि पुढे सत्यानंद झाले. त्यांनी अमेरिकेतून आणलेली रेड डिलिशिअस जातीची रोपं १९१६ च्या सुमारास कोटगढला लावली. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुठ्ठ्याच्या पेट्यांच्या थप्प्या दिसतात, त्या सगळ्याची सुरुवात तिथली. भाईजीने गाडी थांबवून एका बागवाल्याकडून पिशवीभर सफरचंदं घेतली. ‘यह तो कुछ नहीं,’ म्हणाला, ‘असली तो किन्नौर का होता है.’ रामपूरचा माणूस शिमल्याच्या सफरचंदाला नावं ठेवणारच.

शनिवार : नारकंडा ते सराहन

नारकंड्याहून रस्ता गर्रकन खाली उतरतो आणि सतलज भेटते. राखाडी, गढूळ, प्रचंड आवाज करणारी. इथून पुढे तीन दिवस ती उजवीकडे किंवा डावीकडे असतेच. हा जुना हिंदुस्थान-तिबेट मार्ग. लॉर्ड डलहौसीच्या काळात १८५० मध्ये त्याचं काम सुरू झालं, पण व्यापार त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. रामपूर ही बुशहर संस्थानाची राजधानी. इथे दर नोव्हेंबरात लवी नावाची जत्रा भरते; तिबेटची लोकर, पश्मिना, मीठ आणि इकडचं धान्य यांची अदलाबदल व्हायची ती इथेच. तिबेटची वाट बंद झाली तरी जत्रा चालू आहे.

रामपुरात टोप्यांच्या दुकानासमोर गाडी थांबली. राखाडी लोकरीची गोल टोपी, पुढे हिरव्या मखमलीची पट्टी: ही बुशहरी-किन्नौरी. मरून पट्टीची वेगळी. दुकानदाराने हसत विचारलं, ‘काँग्रेस की दूँ या भाजपा की?’ काका बुचकळ्यात पडले. भाईजीने खुलासा केला. सहा वेळा मुख्यमंत्री झालेले वीरभद्र सिंह याच बुशहर राजघराण्यातले. त्यांची टोपी हिरवी, म्हणून हिरवी काँग्रेसची झाली आणि प्रेमकुमार धुमल यांच्यामुळे मरून भाजपची. काकांनी दोन्ही घेतल्या.

ज्यूरीहून फाटा फुटून रस्ता वर सराहनला चढतो. भीमाकालीचं मंदिर लांबूनच दिसतं: दोन उंच मनोरे, वर उतरत्या पाटीच्या दगडांची छपरं. फोन, कातडी पट्टे, पाकिटं बाहेर ठेवायची, डोकं झाकायचं. टोपी नसेल तर दारात मिळते. आरती छान झाली, पण मी जास्त वेळ घालवला तो भिंतीजवळ. देवदाराची एक तुळई आडवी, तिच्यावर दगडांचा थर, वर पुन्हा तुळई. चुना नाही, गारा नाही. कोपऱ्यात दोन दिशांच्या तुळया एकमेकींवर बसवून लाकडाच्या खुंटीने जखडलेल्या. बोट फिरवलं तर शेकडो वर्षं धुरात आणि पावसात मुरलेलं लाकूड कडकच लागतं. या पद्धतीला काठ-कुणी म्हणतात. भूकंपात अशी भिंत हलते, दगड जागा सोडतात, पण लाकडाचा सांगाडा त्यांना धरून ठेवतो. जुना मनोरा १९०५ च्या भूकंपात कलला असं सांगतात. देवी आता शेजारच्या नव्या मनोऱ्यात असते. समोर, दरीपलीकडे श्रीखंड महादेवाचं शिखर. श्रीखंड या नावावर कंपूत जे विनोद झाले ते लिहीत नाही.

रविवार : सराहन ते छितकुल

किन्नौरमध्ये शिरलं की रस्ता कड्याच्या पोटात कोरलेला. वर खडक लोंबतोय आणि खाली सतलज. निगुलसरीला भाईजीने रेडिओ बंद केला. ११ ऑगस्ट २०२१ ला इथे दरड कोसळून एस.टी. सकट गाड्या गाडल्या गेल्या, २८ माणसं गेली. या डोंगरात धरणं आणि बोगदे किती काढायचे हा वाद इथल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येतो. नाथपा-झाकडीचा दीड हजार मेगावॉटचा प्रकल्प आपण खालीच मागे टाकलेला असतो, आणि करछमला पुन्हा एक धरण. ‘नो मीन्स नो’ असं लिहिलेले फलक तरुण पोरांनी लावलेत. विजेचा झगमगाट आपल्या शहरात आणि दरड यांच्या अंगावर, हे गणित त्यांना पटत नाही, आणि तिथून जाताना मलाही पटलं नाही.

करछमला सतलज सोडून बास्पा नदीच्या बाजूने सांगला खोऱ्यात वळलो. रकछमच्या पुढे ओगल्याची शेतं फुललेली होती, फिकी गुलाबी. ओगला म्हणजे आपला उपासाचा कुट्टू, त्याच्या पिठाच्या पोळ्या इथे मधाबरोबर खातात. सांगला खोरं पाहून मावशी म्हणाली, ‘एवढं सुंदर असायची काही गरज होती का?’ यावर मला भर घालता येत नाही.

छितकुल ३,४५० मीटरवर. ‘हिंदुस्थानातलं शेवटचं गाव’ या पाटीपुढे फोटोची रांग. हल्ली सरकारने सीमेवरच्या गावांना ‘पहिलं गाव’ म्हणायचं ठरवल्यामुळे दोन्ही पाट्या आहेत आणि दोन्हींपुढे रांग आहे. गाव मात्र पाटीच्या मागे आहे. मथी देवीचं लाकडी देऊळ, जमिनीपासून उचललेली लाकडी धान्यकोठारं, अंगणात वाळत घातलेला चारा. एक आजी दोहडू नेसून, टोपीत ताजी फुलं खोचून बटाटे निवडत होती. फोटो काढू का विचारलं तर म्हणाली, ‘पहले आलू खरीदो.’ खरीदले.

सोमवार : कल्पा

वाटेत कामरूचा किल्ला. तिथेही टोपी घालायची आणि कंबरेला पट्टा बांधायचा. चढण काढताना दोघांनी माघार घेतली. दुपारी रेकाँग पिओ, आणि वर कल्पा.

कल्प्यातून किन्नर कैलासाची रांग अगदी समोर येते. ६,०५० मीटरचं शिखर, आणि त्या रांगेतच एक सुटा उभा सुळका, तो शिवलिंग. इथे गावात एका आवारात नारायण-नागिणीचं कोरीव लाकडी देऊळ आहे आणि थोड्या अंतरावर गोंपा, म्हणजे बौद्ध मठ. गावकरी दोन्हीकडे जातात. देवता पालखीत बसून निर्णय देते, लामा मुहूर्त आणि शांती बघतो. लग्नाला कोण आणि मर्तिकाला कोण याचीही वाटणी ठरलेली. आमच्यातल्या एकाने ‘मग तुम्ही नक्की कोण?’ असं विचारलंच. हॉटेलवाल्या तरुणाने शांतपणे उत्तर दिलं, ‘किन्नौरी.’

श्याम सरन नेगी याच कल्प्याचे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत बाकीच्या देशाने १९५२ च्या सुरुवातीला मतदान केलं, पण बर्फाने वाटा बंद होतील म्हणून इथे २५ ऑक्टोबर १९५१ लाच झालं, आणि शाळामास्तर नेगींनी पहिलं मत टाकलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते गेले, १०५ वर्षांचे होऊन, शेवटचं मत दिल्यानंतर तीन दिवसांनी. निवृत्त बँक मॅनेजर असलेले आमचे एक सहप्रवासी, ज्यांनी गेल्या वेळी मतदानाच्या सुट्टीत महाबळेश्वर गाठलं होतं, हे ऐकून बराच वेळ शिखराकडे बघत राहिले.

मंगळवार : कल्पा ते ताबो

या दिवसासाठी सगळी सहल करावी.

सुरुवात चांगली नव्हती. स्पिलोच्या अलीकडे रात्री दरड आली होती. जेसीबी काम करत होता, दोन्ही बाजूंना गाड्या. सफरचंदांच्या ट्रकवाल्याने पेटी फोडून फळं वाटायला सुरुवात केली. आमच्याकडून मेतकूट भात शक्य नव्हता, पण चिवडा आणि बाकरवडी गेली. ट्रकवाल्याला बाकरवडी आवडली, चिवडा नाही. अडीच-तीन तासांनी रस्ता सुटला.

पुढे पूह, आणि मग खाब. तिबेटातून ‘शिपकी ला’ या खिंडीजवळून येणारी सतलज आणि उत्तरेकडून येणारी स्पिती इथे मिळतात. लोखंडी पूल ओलांडला की झाडं संपतात, आणि ती खरोखर पुलापाशी संपल्यासारखी वाटतात. कारण साधं आहे. दक्षिणेकडून येणारे पावसाळी ढग हिमालयाच्या मुख्य रांगेला अडतात, आपला सगळा माल अलीकडे रिकामा करतात आणि पलीकडे कोरडे पोचतात. आपल्याकडे महाबळेश्वर आणि फलटण यांत जो फरक, तोच इथे कितीतरी पटींनी. देवदार नाही म्हणजे तुळया नाहीत, तुळया नाहीत म्हणजे काठ-कुणी नाही. नाकोपासून घरं मातीची: चिखलाच्या विटा, पांढरा हात मारलेल्या भिंती, काळ्या चौकटीच्या खिडक्या, आणि सपाट छप्पर. उतार कशाला, पाऊसच नाही. छपरावर वैरण आणि सरपण रचून ठेवलेलं. हिवाळ्याचं भांडार तेच. या लाकडाच्या आणि मातीच्या सीमेवर देवही बदलतात आणि कपडेही, पण मला वाटतं आधी पाऊस बदलतो, बाकीचं त्याच्यामागून येतं.

‘का’ नावाच्या जागेच्या वळणांवर मावश्यांनी डोळे मिटले. नाकोचं तळं वेळेअभावी धावत पाहिलं. मलिंगचा नाला भाईजीने ओठातल्या ओठात काही पुटपुटत पार केला. सुमदोला चौकीत नोंद झाली आणि स्पिती सुरू झाली.

ग्यूला जायला वाकडी वाट करावी लागते. १९७५ च्या भूकंपानंतर तिथे एका लामाचा बसलेल्या स्थितीतला देह सापडला, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा, कोणतंही लेपन न करता टिकलेला. दात आणि डोक्यावरचे केस दिसतात. आता काचेच्या पेटीत आहे. लोक हात जोडत होते आणि त्याच लोकांतले काही पाठ करून सेल्फी घेत होते. मी लवकर बाहेर आलो.

बुधवार : ताबो, धनकर, काझा

ताबोचा गोंपा इ.स. ९९६ मधला. म्हणजे वेरूळची मोठी लेणी होऊन गेलेली आणि ज्ञानेश्वरी व्हायला अजून तीनशे वर्षं. बाहेरून काहीच नाही: मातीचे चौकोनी, बुटके, कडा झिजलेले ठोकळे. पर्यटन खात्याने याला ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणून टाकलंय. उपमा मला फारशी पटली नाही. अजिंठ्याला डोंगर चित्रांची राखण करतो. इथे राखण करणारी आहे नुसती माती, आणि हजार वर्षं तिने ती केली.

आत फोटो बंद. दार लोटून शिरलो तर काळोख. डोळे सरावायला वेळ लागतो. मग भिंतीतून, डोक्याच्या जरा वर, मूर्ती पुढे येतात. मातीच्याच, जवळजवळ माणसाच्या आकाराच्या, सभागृहाच्या चारही बाजूंनी. त्यांच्यामागे चित्रं: निळा, हिरवा, गेरू. भिक्खूने टॉर्च तिरपा धरून एका बोधिसत्त्वाच्या धोतराचा काठ दाखवला. त्यातली वेलबुट्टी बोटभर रुंदीची, आणि प्रत्येक चौकटीत वेगळं जनावर. नाजूक काश्मिरी हात. मग त्याने टॉर्च वर नेला. छताजवळून भिंतीवर तपकिरी ओघळ आले होते. अलीकडे पाऊस वाढलाय, भिक्खू म्हणाला. पूर्वी बर्फ पडायचा, तो फावड्याने ढकलून देता यायचा. पाणी ढकलता येत नाही. गावात मातीच्या छपरांवर पत्रे का दिसायला लागलेत ते तेव्हा कळलं. आपण फोटोत ‘पत्रा आला आणि शोभा गेली’ म्हणतो. गळक्या घरात झोपायचं त्यांना असतं.

धनकर ही स्पितीची जुनी राजधानी. स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावर, ठिसूळ मातीच्या सुळक्यांवर गोंपा बसवलाय. २००६ मध्ये जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत त्याचं नाव आलं होतं. एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात.

काझाला संध्याकाळी एका मावशीचं डोकं दुखायला लागलं, जेवण नको झालं. गरम सूप, पाणी, झोप. सकाळी ती ठीक होती. इतक्या हळू चढत येण्याचा फायदा हाच.

गुरुवार : की, चिचम, लांगझा

की गोंपा म्हणजे कॅलेंडरवरची स्पिती. ४,१६६ मीटर. तिथे लामा जडीबुटींचा चहा देतात, पैसे घेत नाहीत. चिचमचा पूल २०१७ मध्ये झाला. त्याआधी किब्बर-चिचम मधली घळ तारेला टांगलेल्या पाळण्यातून, हाताने दोर ओढत पार करावी लागे; माणसं, गुरं, मटारची पोती सगळं त्यातूनच.

मुक्काम लांगझ्यात एका घरी. ४,४०० मीटरच्या वर. मागे चाऊ चाऊ कांग निल्दा शिखर, पुढे बुद्धाची रंगीत मूर्ती. पोरं दगड विकायला धावली: गोल फोडलेले, आत शंखाचा पीळ. हे अमोनाईटचे जीवाश्म. भारताचा तुकडा आशियाला भिडण्याआधी इथे टेथिस समुद्र होता, त्याचा तळ. ते विकत घेणं बेकायदा आहे, तरी मॅनेजरसाहेबांनी एक हातात घेऊन बराच वेळ उलटासुलटा केला. मग परत दिला.

स्वयंपाकघर हीच घरातली उबदार खोली. मधोमध पत्र्याचा तंदूर, छतातून गेलेला धुरांड्याचा पाईप, भिंतीशी बैठी गादी. ‘जुले’ म्हणून आत गेलो. घरची बाई, सगळे तिला आमा म्हणत होते, शेणाच्या गोवऱ्या सारत थुक्प्याचं, म्हणजे शेवयांच्या सूपचं, पीठ मळत होती. कोपऱ्यात मटारचं पोतं. हंगामाचा शेवटचा माल. मावश्या मांडी घालून बसल्या आणि शेंगा सोलायला लागल्या, कुणी सांगितलं नाही तरी. शेंग मोडल्याचा चट् आवाज, ताटात दाणे. इथला मटार कच्चाच इतका गोड की अर्धा ताटात पोचलाच नाही.

मटारनेच स्पिती बदलली, आमाने सांगितलं. आधी जव आणि काळा मटार, घरापुरता. आता हिरव्या मटारचा ट्रक दिल्लीला जातो आणि त्यातून मुलांची चंडीगडची फी भरली जाते. जमीन इथे थोरल्या मुलाची. धाकट्यांनी पूर्वी गोंपात जायचं. शेताचे तुकडे पडू नयेत म्हणून. जिथे पाणी वितळणाऱ्या बर्फाचं आणि पीक वर्षात एक, तिथे चार भावांत वाटणी परवडत नाही. तिचा धाकटा दीर कीला लामा आहे. धाकटा मुलगा मात्र हॉटेल मॅनेजमेंट शिकतोय. ‘लामा नाही व्हायचं त्याला?’ मी विचारलं. तिने तंदूरचं झाकण लावलं. ‘उसको नेटवर्क चाहिए.’

लोणी-मिठाचा चहा काकांनी सूप समजून घेतला, त्यामुळे त्यांना आवडला.

शुक्रवार : हिक्किम, कॉमिक

हिक्किमचं पोस्ट ऑफिस १९८३ पासूनचं, ४,४४० मीटरवर. पोस्टकार्डं टाकली. कॉमिकला ‘मोटार रस्त्याने जोडलेलं जगातलं सर्वांत उंच गाव’ अशी पाटी. सर्वांत उंच पूल, सर्वांत उंच पोस्ट, सर्वांत उंच पेट्रोल पंप. या ‘सर्वांत’चा मला कंटाळा आला. काझाला परत येऊन अंघोळ केली, हा त्या दिवसाचा खरा कार्यक्रम.

शनिवार : कुंझुम, चंद्रताल

लोसरला नाश्ता. कुंझुम खिंडीत (४,५५१ मीटर) ड्रायव्हर लोक मातेच्या देवळाला गाडीसकट प्रदक्षिणा घालतात. दगडाला नाणं चिकटलं की इच्छा पुरी होते. भाईजीचं चिकटलं, आमच्यातल्या कुणाचंच नाही.

चंद्रतालला तंबू तळ्यापासून लांब लावायचे असा नियम आहे, २००५ पासून ते रामसर या महत्त्वाच्या पाणथळांच्या जागतिक यादीत आहे. शेवटचं अंतर चालत. रंग ढगाप्रमाणे बदलत होता. शेवाळी, मग एकदम गडद निळा. रात्री थंडी अशी की स्लीपिंग बॅगवर दोन रजया घेऊनही काका श्रीखंडाच्या गोष्टी करत होते.

रविवार : चंद्रताल ते मनाली

नाले सकाळी ओलांडायचे, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. म्हणून पहाटेच निघालो. बटालच्या पुढे रस्ता म्हणजे नदीपात्रातले धोंडे. छोटा दडा, छतडू. दुपारपर्यंत पाठीचा हिशेब लागला. ग्रांफूला डांबर दिसल्यावर टाळ्या वाजल्या.

बोगद्याआधी सिस्सूच्या बाजूला राजमा-चावल खायला वळलो. झिपलाईन, बर्फाचे भाड्याचे कोट, भोंगे. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, नऊ किलोमीटरचा, आणि मनालीचे लोंढे लाहौलमध्ये शिरले. मी टपरीवालीला म्हटलं, शांतता गेली तुमची. ती भात वाढत होती. पूर्वी हिवाळ्यात रोहतांग खिंड बंद झाली की आजारी माणसासाठी हेलिकॉप्टरच्या यादीत नाव लावायचं आणि हवा साफ व्हायची वाट बघायची, ती म्हणाली. तिची सासू अशीच वाट बघत गेली. ‘भीड़ का क्या, सीज़न में आती है. अस्पताल तो बारह महीने चाहिए.’ मग तिने जास्तीच्या दोन पापडांचे पैसे लावले आणि हिशेब पुढे केला.

बोगद्यापलीकडे मनालीत पाऊस होता आणि पार्किंग नव्हतं.